सासऱ्यांनी बसवलेली चौकट

जावयाला काम सांगायचं नसतं, हा माझ्या सासरचा कडक नियम. म्हणून समुद्रपूरला गेलं की सासूबाई मला काही सांगत नाहीत, नुसत्या ऐकू येतील असे उसासे टाकतात. गेल्या उन्हाळ्यात त्या बैठकीच्या दाराकडे बघून उसासत होत्या. चौकट आणि भिंत यांच्यात फट पडली होती आणि तिथं एका पालीनं बिऱ्हाड थाटलं होतं. मी धंद्यानं सुतार. सिंदी मेघेतल्या नव्या घरांना चौकटी बसवतो. आमरस ओरपता ओरपता बोलून गेलो, "चौकटीभोवती सागाची पट्टी मारून देतो मामीजी, तासाभराचं काम हाये."

माझे हात धुऊन होईपर्यंत शेजाऱ्याची करवत हजर! पट्ट्या तर पलंगाखाली आधीच आणून ठेवलेल्या निघाल्या.

दाराच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर कॅलेंडर टांगलेलं असायचं. इतकं उंच, की महिना उलटायला सासूबाईंना स्टुलावर चढावं लागे. ते मी उतरवून ठेवलं. सासरे समोर खुर्ची टाकून बसले. जन्मभर बस चालवलेला माणूस, पण हे घर त्यांनी सुट्ट्या काढून स्वतः बांधलेलं.

"हे चौकट म्या सोता बसवली हाये, जवाईबापू. या हातानं."

डावा कोपरा झकास जुळला. उजवीकडेही दोन्ही पट्ट्यांना तसाच पंचेचाळीस अंशांचा तिरपा काप दिला, जुळवून पाहिल्या, तर सांध्यात पालीचं पिल्लू सुखानं नांदेल एवढी फट. काटकोन तपासायला गुण्या लावायची गरजच नव्हती. चौकट त्या बाजूला चांगलीच कलली होती.

"काऊन, जवाईबापू? लाकूड खराब हाये का?"

"थोडं ओलं हाये, मामाजी," मी म्हणालो. भर मे महिन्यात!

पुन्हा कापलं, पुन्हा फट. या वेळी करवतीला नावं ठेवली. इलाज मला ठाऊक नव्हता असं नाही. उभी पट्टी जागेवर धरून भिंतीवर तिच्या बाहेरच्या कडेची रेघ मारायची, आडवीचीही मारायची. दोन्ही रेघा जिथं मिळतात तिथून चौकटीच्या कोपऱ्यापर्यंत जी रेघ जाते, तोच काप. पण भिंतीवर पेन्सिल टेकवली असती तर मामाजींनी कारण विचारलं असतं. आणि ज्यांनी आपल्या हातानं हे घर उभं केलं त्यांना, तेही मामीजींच्या देखत, "तुमची चौकट वाकडी आहे" म्हणायची माझी छाती नव्हती. भुशात सरस कालवून फट बुजवता आली असती, पण मग सासरी सुतार म्हणून माझं नाक कापलं गेलं असतं. मी घाम पुसत वेळ काढत राहिलो.

शेवटी मामाजींना झोपेनं गाठलं. ते आत जाऊन आडवे झाले, आणि मी चोरासारखा स्टुलावर चढलो. रेघा मारल्या, कापलं, रंधा फिरवला, पट्ट्या ठोकल्या. सांधा मिटला. पेन्सिलच्या खुणा ओल्या फडक्यानं पुसून टाकल्या.

चहाच्या वेळी मामाजी उठले. स्टुलावर चढून त्यांनी सांध्यावरून नख फिरवलं. नख कुठंच अडकलं नाही. ते खाली उतरले तेवढ्यात मामीजी कॅलेंडर घेऊन आल्या.

"राहू दे थे," मामाजी म्हणाले. "आता तिथं झाकाचं काई उरलं नाई. सैपाकघरात लाव, हात पुरंन असं."

मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार माया वाटली. मामीजी मात्र कॅलेंडर छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या.

"म्हंजे घर बांधलं तवापासून मले याच्यापायी स्टुलावर चढवून राह्यले होते तुमी?"

मामाजी एकदम वाकून पाल कुठं गेली ते शोधायला लागले. मीही लागलो.