कासऱ्याचं दुसरं टोक

पाण्यात पडलं की पोहता येतं, अशी आपल्याकडं म्हण आहे. ज्यानं ती केली, त्याला पाण्यात पडायला कुणाची परवानगी मागावी लागली नसणार. लासुर्ण्याचे कचरूआबा ब्याऐंशी वर्षांचे झाले तरी त्यांना पोहता येत नव्हतं. त्यांची नात ज्योत्स्ना मात्र पाटाच्या पाण्यातच वाढली.

ज्योत्स्नाचे वडील सोमनाथ कालव्यावर पाटकरी. शेतकऱ्यांच्या पाळ्यांप्रमाणं पाण्याची दारं उघडायची आणि मिटायची, ही त्यांची नोकरी. पाणी कधी सुटणार, किती जोरात येणार, हे गावात आधी त्यांना कळायचं. पोरगी सात वर्षांची झाली तेव्हा त्यांनी तिच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि तिला काठाशी पाण्यात सोडलं. महिन्याभरात डबा सुटला. लोक म्हणायचे, "तिच्या रक्तातच पाणी हाय." आबा हसायचे. रक्तातच असतं तर ते आधी त्यांच्यात नको का उतरायला?

तेविसाव्या वर्षी तिच्या कानावर आलं, की बारामतीतल्या एका तरणतलावावर बायकांना पोहायला शिकवणारी हवी आहे. अट एकच, चारशे मीटर आठ मिनिटांत. ज्योत्स्नाला ती नोकरी इतकी हवीशी वाटली की जेवताना घास हातात राहायचा. सोमनाथांनी पुलापासून अंतर मोजलं, मोबाइलवर वेळ लावली. साडेपाच मिनिटं! गावानं पेढ्यांची तयारी केली. गावाला निकाल नेहमी परीक्षेआधीच लागतो.

तलावात उतरल्यावर मात्र तिला पाणी मेल्यासारखं वाटलं. मागून कुणी ढकलत नव्हतं. पंचवीस मीटरवर भिंत यायची, आणि भिंतीचं काय करायचं हे पाटानं तिला कधी शिकवलंच नव्हतं. नऊ मिनिटं चाळीस सेकंद लागली. परीक्षा घेणाऱ्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "वर्षभरानं अजून एक जागा निघेल. या परत." ज्योत्स्ना एसटीत खिडकीकडं तोंड करून रडली. इतकी वर्षं अर्धं पोहणं आपलं होतं आणि अर्धं पाटाचं, हे तिला त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर तिनं सगळं सांगितलं. आबा तेवढे बोलले. "मग उलटी पव की. ज्या पाण्यानं ढकललं, त्येलाच आता तू ढकल."

सोमनाथांनी बैलांचा जुना कासरा काढला. ती लांब दोरी ज्योत्स्नाच्या कमरेला बांधली, बाभळीच्या बुंध्याला एक वेढा दिला आणि टोक आबांच्या हातात दिलं. पहिल्या दिवशी पाण्यानं तिला असं मागं ओढलं, की कासरा ताणून तारेसारखा झाला आणि आबांचे तळवे सोलले. पण त्यांनी टोक सोडलं नाही.

मग पाटाला पाणी असेल ती प्रत्येक सकाळ तशीच गेली. पाणी वाहतंय, उसाचे तुरे डुलतायत, बगळा उडून पुन्हा येऊन बसतोय, आणि पोरगी हात मारत मारत जागच्या जागी. काठावर आबा, तेही जागच्या जागी. बघणाऱ्याला वाटावं, हे दोघं एकच स्वप्न दोन टोकांनी धरून बसलेत. कधीकधी ज्योत्स्नाला वाटायचं, आपण थांबलोय आणि बाभळच हळूहळू पुढं चाललीय.

"मान लई वर काढतीस," एकदा आबा म्हणाले. "मान वर आली की बूड खाली जातं."

तिनं मान खाली घेतली. खरंच अंग हलकं झालं. ती काठाला आली. "आबा, तुमाला पवता येत न्हाय. मग हे कुठनं कळलं?"

"बघून." आबा कासरा गुंडाळत होते. "गावच्या हिरीत पोरं उड्या मारायची. आमाला काठावरबी येऊ देत नव्हते. मी लांबच्या बांधावर बसायचो. धा वर्षं बघितलं. कुणाचा हात कसा पडतो, कोण कवा दम घेतो, समदं पाठ हाय. अंग भिजायचं तेवढं ऱ्हायलं."

ज्योत्स्नानं त्यांच्या हातातला कासरा घेऊन पुन्हा कमरेला बांधला. ती पुन्हा पाण्यात शिरली आणि त्या दिवशी दम संपेपर्यंत पोहली.

महिन्यातून दोन रविवार ती बारामतीला जाऊन भिंतीवर वळायला शिकली. उरलेला सराव पाटातच. आणि फाल्गुनातल्या एका सकाळी आबांना हातातलं वजन एकाएकी गेल्यासारखं वाटलं. कासरा ढिला पडला होता! घाबरून त्यांनी पाण्याकडं पाहिलं. ज्योत्स्ना बाभळीच्या पुढं गेली होती, पाण्याच्या वरच्या अंगाला. आबा ओरडले, "सोमनाथ, आरं बघ, पोरगी चालली!"

दुसऱ्या परीक्षेत सात मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद लागली. गावानं पेढे खाल्ले आणि पुन्हा रक्ताचा विषय काढला. ज्योत्स्नानं या खेपेला ऐकून घेतलं नाही. "रक्त न्हाय," ती म्हणाली, "बाप पाटकरी व्हता, आबांनी कासरा धरला, आन् वरीसभर मी हात मारले. ह्यातलं एक काढा, मग बघू."

कामावर रुजू झाल्यावर तिनं बाईंकडं एकच गोष्ट मागितली. सोमवारी तलाव बंद असतो, त्यातला एक तास. त्या सोमवारी आबा पहिल्यांदा अर्ध्या चड्डीवर काठाशी उभे राहिले. निळं पाणी संथ होतं. आबांनी मागं वळून दाराकडं पाहिलं.

"हितं कुणी हाकलणार न्हाय ना?"

"किल्ली माझ्याकडं हाय, आबा."

त्यांनी पिशवीतून कासरा काढला, स्वतःच कमरेला गाठ मारली आणि दुसरं टोक तिच्या हातात दिलं. मग पायरीवरून उतरले. तिनंही पाण्यात उतरून त्यांच्या पाठीखाली हात धरला. आबांनी मान मागं टाकली, बरोब्बर जशी टाकायला हवी तशी, आणि त्यांचं हडकुळं अंग पाण्यावर आलं. बराच वेळ ते छताकडं बघत तसेच राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तलावाच्या पाण्यात कधी मिसळलं ते कळलं नाही.

"ज्योस्ने," ते म्हणाले, "हात काढ आता. कासरा ढिला सोड."