गोऱ्या मिस्त्रींचं गाव

"ओली हाय अजून," असं आमचे आजोबा कशालाही म्हणायचे. नव्या फरशीवर तळहात टेकवून म्हणत तेव्हा ते ठीक वाटे. पण शेजारची नवी सून आठवडाभरात सासूशी भांडली, तेव्हाही ते हेच म्हणाले. मी हैदराबादेहून बी.ए. होऊन आलो, घराण्यातला पहिलाच. गल्लीभर पेढे वाटले. आजोबांनी माझ्या डोक्यावर तळहात टेकवला आणि जमलेल्या मंडळींना सांगितलं, "डिग्री ओली हाय अजून. कुणी पाय देऊ नका."

आजोबा, म्हणजे आईचे वडील, इटलीचे. तरुणपणी हैदराबादला एका नवाबाच्या हवेलीत संगमरवरी चिपांची फरशी करायला आले. तिथून एका कापूस गिरणीच्या मालकाबरोबर नांदेडला, आणि आजीमुळे इथलेच झाले. आजी मिशनच्या दवाखान्यात दाई होती. मराठी ते बिगाऱ्यांकडून शिकले, त्यामुळे नांदेडच्या बाजारात डोळे मिटून ऐकलं असतं तर तुम्हालाही तो माणूस परका वाटला नसता. लोक त्यांना गोरे मिस्त्री म्हणत. सत्तरी जवळ आली तरी ते गुडघ्यांवर बसून दुसऱ्यांच्या फरशा घोटत होते. मी शिकलो तो त्या गुडघ्यांच्या जोरावर.

मग लढाई सुरू झाली. इटली इंग्रजांच्या विरुद्ध उतरली आणि तिकडच्या माणसांना धरून छावणीत नेताहेत अशी बातमी आली. निजामाच्या मुलखात कोण हात लावतो, असं लोक म्हणत. तरी ठाण्यातून हाजिरीचा हुकूम आलाच.

त्या दिवसांत आमच्या घरात कुणी धड बसलं नाही. दाराशी सायकल थांबली की आई पदराला हात पुसत बाहेर येई. आजोबा भरल्या ताटावरून उठत, अंगणात जात, परत येत, पुन्हा जात. विचारलं तर म्हणत, "काई न्हाई, कौलं बघून राहिलो." आमच्या घराला कौलं नव्हतीच, मातीचं सपाट माळवद होतं.

ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, भले गृहस्थ. त्यांनी आईला आडून सुचवलं, की चार माणसांनी येऊन हे इथलेच किरिस्ताव आहेत असं सांगावं, मी तसं लिहून घेतो. वर कुणी विचारणार नाही.

हाजिरीच्या दिवशी ठाण्यात माणसं आली. न बोलावलेलीही आली. पण गाव कोणतं सांगायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, आपलंच सांगावं. गिरणीच्या मुनिमांनी गोवा म्हटलं. यल्लप्पा मिस्त्री, आजोबांचे कामातले जोडीदार, शपथेवर म्हणाले की हा आमच्या देगलूरचा, माझ्या मावशीच्या गल्लीतला. भाजीवाल्या गंगाबाईनं दोघांनाही बाजूला सारलं आणि ते आपल्या लोहा गावचे असल्याचं ठणकावून सांगितलं.

"इतका गोरा माणूस लोह्यात?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"सावलीत वाढला, साहेब."

सगळी कचेरी हसली. अमीनसाहेबही हसले, मग कपाळ चोळत आजोबांकडे वळले. तरीही त्यांनी वाट बंद केली नाही.

"बाबा, गोवा लिख दूँ? बस, हाँ बोलो।"

आजोबांची बोटं टोपीची कड चाचपत होती. मी शेजारीच होतो. हो म्हणा, एवढंच कुजबुजलो. आईनं डोळे मिटून घेतले होते.

"न्हाई साहेब," आजोबा म्हणाले. "माझी माय तिकडं पुरलेली हाय. म्या गोव्याचा झालो, तर तिनं कुणाला जलम दिला?"

आणि त्यांनी आपल्या गावाचं नाव घेतलं. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही ते कधी ऐकलं नव्हतं, कारण कधी विचारलंच नव्हतं. कारकुनानं त्यांना ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. आजोबांनी दर वेळी ते सावकाश, पूर्ण म्हटलं.

बाहेर यल्लप्पा मिस्त्री त्यांच्यावर चिडले. "देगलूरला काय वाईट होतं रे?"

"लई चांगलं हाय," आजोबा म्हणाले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून चालत राहिले.

पुढच्याच आठवड्यात शिपाई त्यांना घेऊन गेले. पलीकडे, इंग्रजी मुलखातल्या छावणीत, दुसऱ्या उन्हाळ्यात ते वारले. तिथंच त्यांना पुरलं. आम्हाला कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता.

आजोबा मूळचे कुठले, असं अजूनही कुणी विचारतं. मी त्या गावाचं नाव सांगतो. सांगताना माझा उच्चार कुठंतरी चुकतो, हे मला जाणवतं. तो कसा करायचा, हे आता कुणाला विचारू?