दोन रात्री फुकट आणि आत्याची विहीर

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सहकुटुंब सुट्टीवर गेलो, घरापासून पाऊण तासावर.

रायपूरच्या समता कॉलनीतून निघालो आणि नवा रायपूरला पोहोचलो. मी रोज ऑफिसला जातो त्याच रुंद, रिकाम्या रस्त्यानं. रिसॉर्टच्या गॅलरीत उभा राहिलो तर समोर माझंच ऑफिस! (रजेवर असूनही हात आपोआप गळ्यातलं ओळखपत्र चाचपायला लागला.) पण दोन रात्री फुकट होत्या, नाश्ता फुकट होता आणि निघताना डिनर सेट मिळणार होता. अट एकच: नवरा-बायकोनं मिळून दीड तास रिसॉर्टवाल्यांची स्कीम ऐकायची.

सगळा धोका त्या दीड तासात होता. मला 'नाही' म्हणता येत नाही. आमच्या घरात पाणी शुद्ध करायची तीन यंत्रं आहेत; नळ एकच आहे. म्हणून हॉलच्या दारातच माझ्या बायकोनं, सुनंदानं, हात पुढे केला.

"पेन द्या."

"अगं, सरकारी माणूस मी, बिनापेनाचा..."

"म्हणूनच! कुठं सही केली तर याद राखा!"

पेन तिच्या पर्समध्ये गेला आणि मी निःशस्त्र आत शिरलो. सोबत माझी आत्या. आर्वीकडून आठवडाभर राहायला आलेली. तिला घरी एकटीला कसं ठेवणार? ती एसीच्या हवेत डोळे मिटून बसली.

आमच्या टेबलापाशी नेहा नावाची चटपटीत मुलगी आली. काय बोलायची! डोंगर दाखवले, समुद्र दाखवला, धुक्यातलं कॉटेज दाखवलं. "सर, हर साल एक हफ्ता, पूरा कॉटेज आपका! और आपके बाद बच्चों का!"

वीस मिनिटांत माझे डोळे पाणावले. आपण आजवर कॉटेजशिवाय जगलो तरी कसे? हात रिकाम्या खिशाकडे गेला. सुनंदानं टेबलाखालून माझा पाय दाबला. (सँडल टाचेची होती.)

तेवढ्यात आत्यानं डोळे उघडले.

"पोरी, घर एक, अन् मालक किती?"

"दादी, साल में बावन हफ्ते, तो बावन फैमिली."

"मंग हे तं विहिरीची पाळी झाली वो माय!"

आमच्या गावाकडे एका विहिरीत चार-चार भावांचा हिस्सा असतो. ज्याचा वार, त्याचं पाणी; तीच पाण्याची पाळी. आत्याच्या सासरी अशीच विहीर होती आणि तिच्यापायी चारही भाऊ एकमेकांच्या लग्नकार्याला यायचे, पण जेवायचे नाहीत.

"दिवाळीचा हप्ता कोनाले?" आत्यानं विचारलं.

"दादी, जो पहले बुक करेगा..."

"म्हंजे भांडन! अन् मोटर जळली तं?"

"जी... मोटर?"

"मोडतोड! पैसे भरन कोन?"

"वो मेंटेनेंस... सब मेंबर देते हैं."

"जो त्या साली आलाच नाही, तो बी?"

"...जी."

"घ्या! पाणी नाही घेतलं तरी वर्गणी द्याची! सुध्या, आइकून राहिला का?"

सुध्या ऐकत होता. सगळा हॉल ऐकत होता. आत्याचा आवाज शेताच्या ह्या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाका मारून तयार झालेला! शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी उघडलेल्या पेनाला टोपण लावलं. खिडकीजवळून कोणी ओरडलं, "हाँ भैया, पहले दिवाली का बताइए!" मॅनेजर धावत आला. आत्यानं त्याला शेजारी बसवून घेतलं आणि मधल्या दिरानं दुसऱ्याच्या पाळीत चोरून मोटर कशी सुरू केली ते सांगायला घेतलं. दोन मिनिटांनी तो बिचारा हनुवटीखाली हात घेऊन विचारत होता, "फिर? फिर क्या हुआ?"

मी तीस वर्षं सरकारी बैठकांना बसलोय. भल्याभल्या साहेबांना फायलींची चिरफाड करताना पाहिलंय. पण चौथी शिकलेल्या आत्यासारखी उलटतपासणी कुठं पाहिली नाही! दीड तास पुरा व्हायच्या आतच त्यांनी डिनर सेट हातात ठेवला आणि आमच्यासाठी दार उघडून धरलं.

"आत्याबाई, तुमचे पाय धरू द्या!" सुनंदा म्हणाली. त्या दोघी विजयी वीरांसारख्या गाडीकडे निघाल्या. पर्स, पेन, डिनर सेट, सगळं त्यांच्याकडे.

मी जरा मागं राहिलो. नेहा एकटीच फायली आवरत होती.

"सुबह से एक भी नहीं हुआ, सर," ती म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. मग तिनं एक गुलाबी कागद पुढे सरकवला. "ये छोटावाला देख लीजिए. इसमें बावन मालिक नहीं हैं."

"बेटा, मेरे पास पेन नहीं है," मी निक्षून सांगितलं.

तिनं स्वतःचा दिला.

तर रिसॉर्टच्या स्विमिंग पूलचा मी आता वर्षभराचा सभासद आहे. आर्वीहून आत्याचा फोन येतो, "काहून रे सुध्या, तुही पाण्याची पाळी कोनत्या वारी?"

"मंगळवारी, आत्या."

दर मंगळवारी ऑफिसआधी मी त्या पाण्यात कठडा घट्ट धरून तासभर उभा असतो. मला पोहता येत नाही. नेहाला हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्यासाठी आधी 'नाही' म्हणावं लागतं.