आप्पाच्या हातचं ऑइल

"काका, आप्पा गेले..." पुतणीचा फोन आला तेव्हा मी बजाजनगरात गिरणीत दळणाच्या रांगेत होतो. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "गाडी कुठंय?" सख्खा मोठा भाऊ गेल्याचं ऐकून ट्रकची चौकशी करणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल; तो मी. पण वीस वर्षांत आप्पा आणि त्याचा ट्रक मला वेगळे दिसलेच नव्हते.

मी कंपनीत स्टोअर सांभाळणारा, म्हणजे घरातला शिकलेला. ऑइल बदलायचं असलं की आप्पा मला मुद्दाम खुलताबादला बोलवायचा, घमेलं धरायला. आधी गाडी थोडी फिरवून आणायची आणि इंजिन गरम असतानाच खालचा नट खोलायचा. गरम ऑइल सगळी घाण घेऊन उतरतं म्हणे. फिल्टर दरवेळी नवा. मग ऑइल मोजायची पट्टी काढून त्यावरचा थेंब माझ्या बोटांवर ठेवायचा. "चोळ. खरखरतंय का?" मी अंदाजानं म्हणायचो, "व्हय, लई खरखरतंय." "आरं साहेबा, आत्ता ओतलंय ते, नवं हाय!" आणि खोकला येईपर्यंत हसायचा. काढलेलं काळं ऑइल दाराच्या चौकटीला चोळायचा, वाळवी लागू नये म्हणून.

शेवटच्या आजारात तो खाटेवरून उठला, तोही ऑइल बदलायलाच. पुढं गाडी ड्रायव्हर चालवत होता. तेराव्यानंतर तो म्हणाला, "साहेब, ऑइल बदलायला झालंय. कमी बी झालंय." वहिनी उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "नाय. ह्यांच्या हातचं हाय ते. काढू नका, त्यात दुसरं मिसळू बी नका." घर त्या एका गाडीवर चालत होतं. वहिनींना समजवायला घरात मीच उरलो होतो. मी ड्रायव्हरला म्हणालो, "एक खेप होऊ दे." मग आणखी एक... खरं सांगतो, ते ऑइल काढायला माझाही जीव होत नव्हता.

चौथ्या खेपेला घाटात इंजिन जाम झालं. मिस्त्रीनं खालचा तळ खोलला तर वाटीभर काळा गाळ. त्यानं माझ्याकडं बघितलं. "आप्पाची गाडी ना ही? अन् तुम्ही बघत बसला?" बसलो. इंजिन पुन्हा बांधायची आमची ऐपत नाही. ट्रक गॅरेजच्या कुंपणाला टेकून उभा आहे आणि वहिनी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जातात. त्यांनी मला एका शब्दानं दोष दिलेला नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो गाळ मी तेव्हाच डब्यात घालून आप्पाच्या घरी आणला होता. "ह्यांचंच हाय का?" वहिनींनी विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी फडकं बुडवलं आणि चौकट खालपासून चोळायला घेतली. मी एक थेंब उचलून दोन बोटांत चोळला.

खरखरत होतं. ह्या वेळी मला विचारायला कुणी नव्हतं.