बोटाची पारख

माझ्या वडिलांनी मला आयुष्यात एकच विद्या शिकवली, ती म्हणजे हळद शिजली की नाही हे बोटानं ओळखायची. शाळा, स्वयंपाक, लग्न हे सगळं आईनं बघितलं. मी सात-आठ वर्षांची असेन. तेव्हा शेतात वाफेचा कुकर नव्हता, मोठी कढई असायची आणि खाली उसाचं पाचट पेटलेलं. फेस वर आला, वास बदलला की बाबा एक हळकुंड बाहेर काढायचे, गार पाण्यात बुडवायचे आणि माझ्या हातात द्यायचे. मी कढईपासून चार हात लांब, बांधावरच्या दगडावर बसून ते अंगठ्यात आणि बोटात धरून दाबायचे.

"काय म्हणती हळद?" बाबा विचारायचे.

"कच्ची हाय," नाही तर "झाली," असं मी सांगायचे. कमी शिजली तर वाळता वाळत नाही, जास्त शिजली तर रंग उतरतो. एवढ्या मोठ्या कढईचा निकाल माझ्या बोटावर अवलंबून आहे म्हटल्यावर मी शेफारले. पुढे मोठी झाले, पण तो शेफारपणा काही उतरला नाही.

लग्न होऊन वसमतला आले आणि काही वर्षांनी स्टँडच्या रस्त्यावर एका खोलीत पार्लर टाकलं. भुवया, फेशियल, लग्नसराईत नवऱ्या. हे सगळं ठीक चाललं होतं. मग पोरींनी मोबाईलमध्ये बघून नखं मागायला सुरुवात केली. जेलची नखं, म्हणजे चिकट लेप नखावर लावून तो एका खास दिव्याखाली वाळवायचा; लांब, टोकदार, वर खडे लावलेली. ज्या गावात निम्म्या बायका कापूस वेचायला जातात आणि उरलेल्या भाकरी थापतात, तिथं ही नखं कोण लावून घेणार, असं मला वाटायचं. कापूस वेचणाऱ्यांनी आणि भाकरी थापणाऱ्यांनीच लावून घेतली.

त्यासाठी मी नांदेडला सहा दिवसांचा क्लास केला. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी कुणाला नखाला हातसुद्धा लावू दिला नाही, दिवसभर नुसतं काय करायचं नाही तेवढंच सांगितलं. जेल कातडीला लागता कामा नये. नखाच्या कडेनं केसाएवढी जागा सोडायची. लागलंच तर दिव्याखाली हात घालायच्या आधी पुसून काढायचं. ज्या कंपनीचं जेल, त्याच कंपनीचा दिवा, आणि सांगितलेला पूर्ण वेळ. जेल वाळल्यावर वर जो चिकट थर राहतो तो कच्चाच असतो, त्याला बोट लावायचं नाही, हातमोजे घालून पुसून घ्यायचा. खिडकी उघडी ठेवायची. कुणाला खाज आली तर काम थांबवायचं. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. माझं अक्षर चांगलं आहे. ती वही अजून आहे, आणि वाचायला काहीच अडचण येत नाही.

वसमतला आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका नवरीचा हात दिव्याखाली असताना लाइट गेली. आली, परत गेली, परत आली. आता जेल किती वाळलं, किती राहिलं, कोण सांगणार? बाईंनी सांगितलेले सेकंद नांदेडच्या लाइटीचे होते. नवरी माझ्याकडे बघत होती. मी हातमोजा काढला आणि तिच्या नखावर बोट टेकवून दाबून बघितलं. जरा जास्तच चिकटलं. मी म्हटलं, "कच्चं आहे." परत दिव्याखाली घातलं, परत दाबलं, आता हलकंसं चिकटत होतं. "झालं."

झालं खरंच. नवरी खूश होऊन गेली, आणि मला माझी विद्या कुठं लावायची ते सापडलं. त्या दिवसापासून मी प्रत्येक नख बोटानं बघायला लागले. लाइट असो नसो, दहाच्या दहा नखं. हातमोजे खोक्यातच राहिले, कारण मोजे घालून कुणी हळद दाबली आहे का कधी? दिवा हिंगोलीच्या बाजारातून आणलेला, जेल कुठून दुसरीकडून मागवलेलं. त्यांचं एकमेकांशी पटतं की नाही ते माझं बोट ठरवायचं. गिऱ्हाइकांना मी कढईची गोष्ट सांगायचे. बायकांना ती फार आवडायची. "ताईचं बोट चुकत न्हाई," असं माझं नावच पडलं.

दीडेक वर्ष बोट चुकलं नाही. मग त्याची साल निघायला लागली.

आधी उजव्या हाताची पहिली दोन बोटं. टोकं कोरडी पडली, मग भेगा, मग खाज. मी म्हटलं, भांड्याचा साबण. साबण बदलला. परत बदलला. शेवटी महिनाभर नवऱ्याला भांडी घासायला लावली. त्याच्या बोटांना काहीही झालं नाही आणि माझी होती तशीच राहिली, त्यामुळे साबण निर्दोष ठरला. नवऱ्याचं मात्र तेव्हापासून माझ्या आजाराकडे बारीक लक्ष आहे.

सासूबाईंनी हळद आणि तूप गरम करून लावायला दिलं. आमच्याकडे कापलं, भाजलं, सुजलं, सगळ्याला हळद, आणि वसमतमध्ये राहून हळदीला नाही म्हणायची सोय नाही. पिवळ्या बोटांनी मी पार्लरला जायचे. येणारी प्रत्येक बाई विचारायची, "कुणाची हळद हाय आज?" एका सकाळी पापण्याही सुजल्या. सासूबाईंनी पापण्यांनाही हळद सुचवली, तेव्हा मात्र मी तोंड वाकडं केलं.

याच दिवसांत झेडपी शाळेतल्या एक मॅडम, माझ्या कायमच्या गिऱ्हाईक, नखाच्या कडेला खाजतंय म्हणाल्या. मी चष्मा लावून बघितलं. कडेची कातडी लाल झाली होती. वहीतलं शेवटचं वाक्य मला आठवलं, खोटं कशाला बोलू. पण महिन्यातून एकदा येणारी बाई, तिला थांब कसं म्हणायचं? मी म्हटलं, "मॅडम, खडूची अॅलर्जी असेल." आणि दहाही नखं करून दिली.

मग भावाच्या मुलीच्या लग्नाला गेले, पार्लर बारा दिवस बंद. बोटं बरी झाली. परत आले, पार्लर उघडलं, आणि तिसऱ्या दिवशी भेगा परत हजर. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. त्याहून वाईट म्हणजे बोटांची टोकं बधिर व्हायला लागली होती. भुवया करताना दोऱ्याचा ताण बोटाला कळेना, एका बाईची भुवई मी जरा जास्तच बारीक केली. मला दुसरं काहीही येत नाही. फार शिकलेली नाही, शेत भावाकडे, मी जे काही आहे ते या दोन बोटांच्या टोकावर आहे. आणि तेवढ्यात बाबांचा फोन आला. बाबा आता ऐंशीच्या घरातले, पण दर साली हळद शिजायला लागली की फोन करतातच. "यावर्षी जरा उशिरा शिजवून राहिलो. येतीस ना बाई हळद बघायला?" मी म्हटलं, येते. आणि दुसऱ्या दिवशी बोटं दाखवायला नांदेडची एसटी धरली.

कातडीच्या डॉक्टर बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी माझ्या पाठीवर बारीक बारीक ठिपक्यांच्या चिकटपट्ट्या लावल्या, प्रत्येक ठिपक्यात एकेक औषध, अंगाला कशाचं वावडं आहे ते कळायला. दोन दिवस अंघोळ नाही, घाम येऊ द्यायचा नाही. नांदेडचा मार्च महिना, आणि घाम येऊ द्यायचा नाही! तिथंच राहणाऱ्या बहिणीकडे पंख्याखाली पालथी पडून राहिले. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या, परत दोन दिवसांनी बघितलं. एका जागी कातडी लालभडक, फोड आलेले.

"नखांचं काम करता?" डॉक्टर बाईंनी विचारलं. "जेल वाळलं का ते कसं बघता?"

मी अभिमानानं दाखवलं. हो, अभिमानानंच. त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटवर बोट टेकवून दाबलं.

त्यांनी माझा हात उलटा करून बोटांची टोकं बघितली. मग म्हणाल्या, वरचा चिकट थर म्हणजे कच्चं जेल. तुम्ही दिवसाला तीस-चाळीस वेळा कच्च्या रसायनात बोट बुडवत होता. शरीरानं एकदा त्याच्याशी वैर धरलं की ते जन्मभराचं. आता हातमोजे घालूनही चालणार नाही, साध्या मोज्यातून ते काही मिनिटांत आत येतं. जेलचं काम बंद. आणि दातांच्या डॉक्टरकडे गेलात तर आधी सांगायचं, कारण दात भरतात तो मसाला याच जातीचा असतो. माझे दात धड होते. बोटाच्या नादात तेही कामाला लागले.

"आणि बधिर झालंय ते?"

"येईल बरं कदाचित. लगेच नाही. काहींचं राहतं."

परत येताना गाडीत मी रडले नाही, मला राग आला होता. जेलवर, कंपनीवर, लाइटीवर, सगळ्यांवर आला, स्वतःवर सर्वांत शेवटी. उतरल्यावर घरी न जाता आधी मॅडमच्या शाळेवर गेले. मधली सुट्टी होती. मॅडमना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. खडूचं काही नाही, माझंच काम आहे, मी बोटाच्या भरवशावर कच्चं सोडत होते, जेल कातडीवर जात होतं, परत लावू नका, नांदेडला दाखवून या.

मॅडम म्हणाल्या, "अवं ताई, दोन महिने मी रुमालात गुंडाळून खडू धरून राहिले. पोरं हसून राहिली मला." मग हाताकडे बघत म्हणाल्या, "तुमाला तवाच ठाऊक होतं का?"

मी म्हटलं, "व्हय."

त्या आत निघून गेल्या. नंतर पार्लरला कधी आल्या नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

नखांचं टेबल मी उचललं. दिवा, बाटल्या, सगळं खोक्यात बांधून माळ्यावर टाकलं. आठवड्यानं शेतावर गेले.

आता कढई नाही, भाड्यानं आणलेला वाफेचा कुकर असतो, गडी तो चालवतो. बाबा बांधावर खाटेवर बसले होते. वास बदलला तसं त्यांनी गड्याकडून एक हळकुंड मागवलं, तांब्यातल्या पाण्यात बुडवलं आणि माझ्या हातात दिलं.

"काय म्हणती हळद?"

मी दाबलं. काहीच कळलं नाही. कच्ची नाही, पक्की नाही, ऊन नाही, गार नाही. मला सहज "झाली" म्हणता आलं असतं. दीड-दोन वर्षं मी तेच म्हणत आले होते. पण भावाची सगळी हळद त्या कुकरात होती.

"बाबा, मला कळंना काही. बोट गेलं माझं."

बाबांनी "असं व्हय" म्हटलं, खाटेखालून खराट्याची एक काडी काढली, हळकुंडात टोचली. ती सरळ आरपार गेली. "झाली रं, काढ," असं ते गड्याला म्हणाले.

मी काडीकडे हात केला. "तुमी काडीनं बघता?"

"सगळेच काडीनं बघतेत. बोटानं काय कळतंय? एक वरून मऊ लागतं, आतून कच्चं निघतं."

"मग मला काहून दाबायला देत होते?"

"तू लई चपळ होतीस. सारखी कढईपाशी पळून येऊन राहायची. एखांद्या बार पडली असतीस आत." बाबांनी काडी पुसून परत खाटेखाली ठेवली. "म्हणून हातात एक हळकुंड देऊन लांब बसवत होतो. तू काई बी म्हण, मी मागून काडी टोचून घेत होतो."

"मी चुकत होते?"

"लई बार."

"सांगितलं काहून न्हाई मग?"

"खूश व्हायचीस तू."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि मी दोन्ही केलं. मी भाजू नये म्हणून बाबांनी जे हातात दिलं होतं, त्याच्याच जोरावर मी स्वतःची बोटं घालवली होती, आणि जाता जाता एका मास्तरीणबाईंचीही. बाबांना यातलं काही सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की दुकानातलं औषध बाधलं.

"लई दुखतंय का?"

"न्हाई. काहीच लागत न्हाई आता."

बाबांनी माझा हात मांडीवर घेतला. पहिलं बोट स्वतःच्या अंगठ्यात आणि बोटात धरून दाबलं, मग दुसरं, मग परत पहिलं. बराच वेळ ते तसेच दाबून बघत होते. मला ते दिसत होतं, लागत नव्हतं.