खांबावरची चुन्याची बोटं

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही मायलेकी परवाच्या रविवारी तिकीट काढून चढलो.

जुन्या कोर्टाची इमारत सरकारनं घासूनपुसून नवी केली आणि लोकांना बघायला उघडली. तेव्हापासून मायनं माझं डोकं खाल्लं होतं. "मले एकडाव घेऊन चाल ना वं!" काहून, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

माझा मोठा भाऊ इतवारीच्या बाजारात हातगाडी ओढायचा. तिथल्या मारामारीत एक माणूस मेला, पोलिसांनी हाती लागले ते उचलले, त्यात दादाही गेला. मग तारखा सुरू झाल्या. त्याला जेलमधून आणून याच कोर्टाच्या वरच्या व्हरांड्यात, जिन्याजवळच्या खांबापाशी उभा करायचे. बोलायचं ते दुरून. हात धरायला बंदी. माय तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी शिपायाकडे द्यायची, शिपाई दादाला द्यायचा. मळून झालं की बोटांचा चुना दादा खांबाला पुसायचा. सगळेच पुसायचे, नागपूरच ते! पण दादा ताडमाड उंच, त्याची बोटं सगळ्यांच्या वर उमटायची. "सरकारी खांब हाये, मुडद्या!" माय ओरडायची, आणि तो हसायचा.

निकाल लागायच्या आत तो जेलमध्ये काविळीनं मेला. ती शिवी मायच्या तोंडून मी पुन्हा ऐकली नाही.

रविवारी माय दुखऱ्या गुडघ्यांनी तो जिना माझ्याआधी चढली आणि थेट खांबापाशी गेली. खांब लख्ख. चुन्याचा ठिपका नाही की पानाची पिंक नाही. हात पुरेल तितक्या उंच ती तो चाचपत राहिली.

"कुठं गेली वं त्याची बोटं?"

माझं टाळकं सरकलं. सरकारवर, रंगाऱ्यांवर, आणि खरं सांगते, मायवरसुद्धा. एवढी वर्षं चुना टिकेल असं हिला वाटलंच कसं?

तेवढ्यात माहिती सांगणारी मुलगी हसत आली. "सुंदर झालंय ना, आजी? आधीची अवस्था बघायचीय? त्या भिंतीवर फोटो लावलेत."

भिंतीवर तोच खांब, माणसाएवढ्या मोठ्या फोटोत. खाली ठळक अक्षरांत, 'नागरिकांनी केलेली घाण'. बुडाशी पिचकाऱ्या, मध्ये शेकडो बोटांचे फराटे, आणि सगळ्यांच्या वर, एकटीच, चार पांढरी बोटं.

लोक नाकं मुरडत पुढे जात होते. मायनं टाचा उंचावल्या आणि त्या चार बोटांवर आपली बोटं ठेवली.

खुर्चीवरचा गार्ड खेकसला, "ओ आजी, हात नका लावू तिथं!"

मायनं हात काढला नाही. त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"माह्या पोराचा हात हाये, बाबू," ती म्हणाली. "तवा धरू नाही देला. आता तरी धरू दे."