बशीतला अर्धा चहा

आमच्या बाबांनी उभ्या आयुष्यात घरात कधी पाणी मागितलं नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही, तक्रारच आहे ही माझी. ते परळच्या गिरणीतून सुटून घाटकोपरला आले, की चाळीच्या जिन्यात त्यांच्या चपला वाजायच्या आणि इकडे आईचा हात माठात जायचा. ते खाटेवर टेकतात न टेकतात तोच तांब्या-भांडं समोर. मागायचं नाही, उठायचं नाही, फक्त प्यायचं. मी आईला म्हणायचे, "एक दिवस थांबून तर बघ. माठ कुठल्या कोपऱ्यात आहे ते तरी माहीत आहे का त्यांना?" आई म्हणायची, "तू गप रव." चहाला तेवढी दोघं समोरासमोर बसायची, एक कप घेऊन. बाकी त्यांचा संसार असा मुकाट्यानेच चालला होता.

मग गिरणी बंद पडली, आणि पुढच्या दोनेक वर्षांत बाबांचं डोकंही हळूहळू बंद पडायला लागलं. आधी किल्ली विसरली, मग गल्ली. एकदा दूध आणायला गेले ते देवनारच्या बाजूला सापडले, हातात रिकामी किटली. शेजारचे म्हणाले, म्हातारचळ. गावाकडचे म्हणाले, कुणाची तरी नजर. महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार आहे, बरा होत नाही, पण आहे ते टिकवायचा प्रयत्न करता येतो. त्यांनी आम्हाला दोन ठिकाणी पाठवलं. एक वाचोपचार, म्हणजे बोलणं टिकवण्यासाठी, आणि दुसरं व्यवसायोपचार. दुसऱ्या खोलीची पाटी वाचून आईच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. गिरणीवाल्यांना इथे दुसरी नोकरी देतात, असं तिला वाटलं. तिथे शर्टाची बटणं लावायला आणि हाताने जेवायला शिकवतात, हे तिला समजावताना माझ्या तोंडाला फेस आला.

वाचोपचाराच्या बाई पहिल्या मजल्यावर बसायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, आणि बोलणं असं की प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातलेलं. त्यांचा दिवस मंगळवार. व्यवसायोपचाराची मुलगी, मुलगीच म्हणायची, माझ्याहून लहान असेल, ती तळमजल्यावर मागच्या अंगाला. कुर्त्याच्या बाह्या वर सरकवलेल्या, चालणं धावल्यासारखं. तिचा दिवस गुरुवार. दोघीही चांगल्या होत्या, हे आधीच सांगून टाकते. मनापासून करायच्या. फक्त आमच्या बाबांबद्दल त्या दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या, आणि तसं बोलावं लागतं असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

मी मुलुंडला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होते. रजा मिळायची मारामार. म्हणून बाबांना आईच घेऊन जायची आणि घरी करायचा अभ्यास ऐकून यायची. आईचा स्वभाव असा की डॉक्टरने सांगितलं, उलटं टांगून घ्या, तर ती दोरी शोधायला लागेल.

चैत्र सरता सरता बाबांनी पाणी पिणं सोडलं. चहाही सोडला. भात चिवडायचे, दोन घास खायचे, पण ओलं म्हणाल तर भातावरच्या आमटीचं जाईल तेवढंच. ओठ फुटले, लघवी लाल व्हायला लागली, दिवसभर गुंगीत बसून राहायचे. डॉक्टरांनी तपासलं. घशात दोष नाही, म्हणाले, गिळता येतंय, पण हे घेतच नाहीत. आणखी काही दिवस असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल आणि नाकातून नळी घालावी लागेल. आईने विचारलं, किती दिवस? डॉक्टर प्रामाणिक माणूस होता. तो म्हणाला, अशा पेशंटची नळी एकदा घातली की सहसा निघत नाही. ते ओढून काढतात, मग हात बांधावे लागतात.

घरी येताना बसमध्ये आई माझा दंड धरून बसली होती. हात बांधतले, हात बांधतले, एवढंच पुटपुटत होती. मला रडू येत होतं आणि रागही. कुणावर ते कळत नव्हतं.

रविवारी मला तो राग काढायला जागा मिळाली. सकाळी मी मोरीत कपडे धूत होते. आईने बाबांसमोर स्टूल ठेवलं, त्यावर पाण्याचा पेला ठेवला, आणि पेल्यावर आपला तळवा झाकून बसली. "काय होया?" तिने विचारलं. बाबा बघत राहिले. "बोला, काय होया?" मग बाबांचा हात हलला, पेल्याकडे सरकला. आईने पटकन पेला मागे घेतला.

मी साबणाच्या हातांनीच बाहेर आले. "हे काय चाललंय?"

"तू मध्ये बोलू नको. मंगळवारची बाय सांगता, तोंडान मागल्याशिवाय द्यायचा नाय. शब्द निघूक होयो."

"मग समोर कशाला ठेवलंस?"

"गुरुवारची सांगता, हाताक लागात असा समोर ठेवायचा. आपण उचलून द्यायचा नाय."

"अगं, ते उचलायलाच तर निघाले होते!"

"पण बोललेत खय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. माणूस बोलला नाही म्हणून पाणी नाही, आणि हाताने घेतो म्हटलं तर बोलला नाही म्हणून तेही नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आई रडायला लागली. "दोघींनी दोन सांगल्यानी, मी दोनय करतंय. डॉक्टरीण सांगता ता आयकाक होया ना?" तिला ओरडावं तर कशासाठी? इतकी वर्षं जिने नवऱ्याला मागायची वेळ येऊ दिली नाही, तिला हॉस्पिटलने पेल्यावर हात ठेवून बसवलं होतं. तो पेला मी उचलून बाबांच्या तोंडाला लावला. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली.

मंगळवारी मी बिनपगारी रजा टाकली आणि दोघांना घेऊन गेले. आधी तळमजल्यावर जाऊन गुरुवारच्या मुलीला म्हटलं, वर चला. ती म्हणाली, आज तुमचा दिवस नाही. मी म्हटलं, माझा बाप मंगळवारचाही तहानलेला असतो. तिने माझ्याकडे पाहिलं, हातातलं काम टाकलं आणि जिन्याने माझ्या पुढे निघाली.

वरच्या खोलीत मी जे काही बोलले ते पुन्हा लिहिण्यासारखं नाही. साडीवाल्या बाईंचं तोंड उतरलं. मग त्यांनी आपली बाजू मांडली. सगळं न मागता मिळत गेलं की बोलायचं कारणच उरत नाही, आणि या आजारात न वापरलेला शब्द जातो तो कायमचा. मुलगी म्हणाली, "मॅडम, बरोबर आहे तुमचं, पण शब्दासाठी अडवून ठेवलं तर हात पण जातो ना. मग काय, दोन्हीकडून वाट लागली." त्यावर बाई, त्यावर मुलगी. दोघींचं खरं होतं, हीच तर पंचाईत. अर्धा तास झाला. बाबा खुर्चीत, आई बाजूला बाकावर अंग चोरून, आणि या दोघी त्यांच्या डोक्यावरून बोलतायत.

शेवटी मुलगी म्हणाली, घसा सुकला यार, चहा सांगू. कॅन्टीनचा माणूस जाळीच्या ट्रेमधून कप-बशा घेऊन आला. आईपुढे कप आला तसा तिने हात आडवा केला. "माका नको. मी सोडलंय." तिने तेव्हा महिनाभर चहा सोडला होता. मी त्याचा अर्थ लावला होताच. नवऱ्याच्या घशाखाली उतरत नाही तर हिच्या कसा उतरेल. विचारायची गरजही वाटली नाही. आईचा कप परत गेला. बाबांचा कप मात्र त्यांच्यापुढे टेबलावर तसाच राहिला, कारण त्या घटकेला कुणाचंच त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. काय हवंय असं कुणी विचारलं नाही, उचला असंही कुणी म्हटलं नाही.

बाबा कपाकडे बघत होते. मग आईच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. मग कपाचा कान धरून तो उचलला. अर्धा चहा बशीत ओतला, थोडा टेबलावर सांडला. कप खाली ठेवला आणि बशी दोन्ही हातांनी आईकडे सरकवली.

"घे गो," बाबा म्हणाले.

महिनाभरात त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. आई बशीकडे बघत बसली. मी तिला कोपराने ढोसलं, "घे ना." तिने बशी उचलली, फुंकर घातली आणि प्यायली. बाबांनी ती पूर्ण पिईपर्यंत वाट पाहिली. मग कप उचलला आणि उरलेला अर्धा चहा घटाघट प्यायले, ठसका लागेपर्यंत.

मुलगी पुढे धावली, त्यांचा हात कसा धरलाय ते बघायला. बाई उठल्या, त्यांचा गळा कसा हलतोय ते बघायला. दोघींची टक्करच व्हायची. बाई म्हणाल्या, "हनुवटी वर जाते आहे, म्हणून ठसका." मुलगी म्हणाली, "खुर्ची उंच आहे मॅडम, म्हणून हनुवटी वर जाते. पाय टेकवून बघू?" तिने पायाखाली लाकडी फळी सरकवली. बाईंनी हनुवटीला बोट लावून ती खाली आणली. अर्ध्या तासाच्या भांडणात जे झालं नव्हतं ते एका मिनिटात झालं. मग बाई खाली बसल्या आणि माझ्याकडे बघून, जरा ओशाळून म्हणाल्या, "आम्ही दोघी यांना मागायला आणि घ्यायला शिकवत होतो. यांना द्यायचं होतं." मला त्या बाई त्या दिवसापासून आवडायला लागल्या.

त्यानंतर आमचा एकच वार झाला आणि एकच खोली. दोघींनी मिळून ठरवलं की सगळं दोघांसाठी ठेवायचं. आधी चहा. तो जमल्यावर पेज, वाटी आणि ताटली घेऊन. मग पाणी, तांब्या आणि दोन भांडी. बाबांनी आधी आईला द्यायचं, घे म्हणायचं, आईने घ्यायचं, मग त्यांनी. मुलीने कपाच्या कानाला चिंधी गुंडाळून तो जाड केला. बाईंनी आईला शिकवलं की बशी हातात घेतली की एकदम तोंडाला लावायची नाही, थांबायचं आणि विचारायचं, "काय आसा?" कधी बाबा म्हणायचे, चाय. कधी पेज. बहुतेक वेळा काहीच म्हणायचे नाहीत, तरी आईने अडवायचं नाही, हे दोघींनी तिला एका सुरात बजावलं होतं. नळी टळली. हात कुणी बांधले नाहीत. पुढे त्या दोघी दुसऱ्या म्हाताऱ्यांनाही एकत्र बघायला लागल्या, असं कानावर आलं.

बाबा त्यानंतर दोन वर्षं जगले. उगाच गोड करून सांगत नाही, आजार वाढतच गेला. माझं नाव गेलं, मग मी कोण तेही गेलं. मला ते परिचारिका समजायचे. वाईट वाटायचं, फार वाटायचं, पण कामावरून आल्यावर वाईट वाटून घ्यायला वेळ कुठे असायचा. शब्द एकेक करत संपले. "घे" सगळ्यांत शेवटी गेला. तो गेल्यावरही हात बशी सरकवत होता. शेवटच्या महिन्यात हातही हलेनासा झाला. मग आईच कप घ्यायची, बाबांचा हात आपल्या हातात धरून बशीत ओतायची, त्यांच्या देखत पिऊन दाखवायची आणि मग कप त्यांच्या ओठांना लावायची. ओठ उघडायचे.

बाबांचे दिवस झाले. चौदाव्या दिवशी सकाळी पाहुणे पांगल्यावर मी स्टोव्हवर आधण ठेवलं. म्हटलं, आईला चहाची तलफ आली असेल, दोन आठवडे रडारडीत धड चहा मिळाला नव्हता तिला. चांगला आल्याचा केला. कप-बशी तिच्यापुढे ठेवली.

तिने बशी बोटाने बाजूला सारली. "नको गो. माका चाय कधी आवडलीच नाय."

मला वाटलं, दुःखात काहीतरी बोलतेय. "काय बोलतेस? रोज तीनदा प्यायचीस की."

"तेंनी माका दिल्याबिगर कधी घेतल्यानी नाय. म्हणून पियत होतंय." पदराने तिने स्टुलावर सांडलेला थेंब पुसला. "लगीन झाल्यापासना. तोंड कडू होता माझा."

"मग मध्ये सोडलास तो?"

"मंगळवारच्या बायन सांगल्यान, समोर बसान मदत करू नको. मी चायक बसना सोडलंय. म्हटलंय, तेय माका देणा इसारले. बरा झाला, एवढ्यातना तरी सुटलंय." ती थोडी हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच हसली असेल.

मी मनात तिने प्यायलेल्या बशांचा हिशोब करायला गेले आणि सोडून दिला. हॉस्पिटलातल्या त्या मंगळवारी बशी समोर आली तेव्हा ती बघत का बसली होती, ते मला आत्ता कळत होतं. सुटका झाली होती तिची. आणि तिने बशी उचलली होती.

तो चहा मी प्यायले. आई समोर बसून बघत होती. आल्याचा वास तिला सहन होत नाही, हे तिने मला त्यानंतर सांगितलं.